पुरणपोळी आणि आजींचा मोतीबिंदू

आहारतज्ज्ञ बाईनेच पेशंटची शुगर वाढवायची, म्हणजे कुंपणानेच शेत खायचं. मी ते खाल्लंय, तेही सणाच्या दिवशी, साजूक तुपासकट.

गोष्ट दोन हजार चारच्या आसपासची. नवऱ्याची सॉफ्टवेअरमधली नोकरी टूसॉनला, आणि माझी तिथून तासाभरावर, ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या रिझर्वेशनवर. रिझर्वेशन म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा राखीव प्रदेश. तिथल्या छोट्या दवाखान्यात शुगरचे पेशंट ढीगभर, आणि त्यांनी काय खावं हे सांगायला मी, नागपूरची. खरं तर सगळं त्यांच्याच जुन्या स्वयंपाकात होतं. आपल्या मटकीसारखी थेंबभर पाण्यावर तग धरणारी कडधान्यं, निवडुंगाच्या कळ्यांची भाजी. मी फक्त त्याची आठवण करून द्यायची आणि त्याचा पगार घ्यायची.

त्या पेशंटांत एक आजी होत्या. सगळा गाव त्यांना आजीच म्हणायचा, मग मीही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथल्या उंच निवडुंगांच्या शेंड्यावर लाल फळं धरतात, ती लांब काठीने पाडतात. कुठलं फळ पिकलं आहे हे खालून बघून सांगायचं काम आजींचं. “मागच्या वर्षी मला नुसतं धुकं दिसलं,” त्या म्हणाल्या, “आणि आमच्या लोकांनी हिरवीच पाडली.” फळांच्या आधी ऑपरेशन व्हायला हवं होतं, आणि शहरातल्या डॉक्टरांची अट एकच: आधी शुगर उतरवा.

उतरतही होती. मग होळी आली. मला घरची भयंकर आठवण येत होती. मी आजींना आणि त्यांच्या लेकीला जेवायला बोलावलं. ठरवून ठेवलं होतं, भाजी-कोशिंबीर भरपूर आणि पोळी चवीपुरती, चतकोर. पण समोरचं ताट रिकामं दिसलं की आमच्याकडच्या बाईचा हात तिच्या ताब्यात राहत नाही. मी म्हटलं, “अजून थोडी?” आजींनी होकाराची मान डोलावली. ताट पुन्हा रिकामं, मी पुन्हा उभी.

“अगं, बस कर ना यार,” नवरा मराठीत पुटपुटला. “शी इज युवर पेशंट!”

“सणाच्या दिवशी पाहुण्याला उपाशी उठवू का?” मी हसऱ्या चेहऱ्याने त्याला झापलं आणि तुपाची धार सोडली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनआधीची तपासणी होती. शुगर आभाळाला भिडलेली. तारीख पुढे गेली, थेट फळांच्या तोंडावर. लेकीचा फोन आला. “आमच्यात कुणी वाढलेलं नको म्हणणं म्हणजे त्या माणसाला नको म्हणणं. आई कशी थांबणार? थांबायचं तुम्ही होतं ना!” आम्ही ताट भरायचं थांबवत नाही, त्या रिकामं करायचं थांबवत नाहीत. दोन्हीकडचे चांगले संस्कार एकत्र आले की काय होतं ते मला कळलं होतं. मी घाबरलेही होते. एका बाईचा अख्खा उन्हाळा माझ्या पोळीत अडकला होता.

मागून आजींचा हसण्याचा आवाज आला. त्यांनी फोन घेतला. “तू वाढवलीस, आता तूच उतरव. सकाळी चालायला ये.”

दिसत नसल्यामुळे त्यांनी चालणं सोडलं होतं. वाटेवर खड्डे, दगड, काटे. मग रोज दवाखान्याआधी माझं कोपर धरून त्या चालू लागल्या. हे काही व्यायामाचं चालणं नव्हे. वाटेत चुलतभावाच्या दारात थांबून त्याला रागवायचं, कुणाच्या गाईला वासरू झालं ते विचारायचं, मध्येच एक गाणं म्हणायचं. मी घड्याळाकडे बघितलं की त्यांना बरोबर कळायचं. “तुझे पाय कुठे पळाले?” म्हणायच्या.

त्यांच्या भाषेत जगण्याच्या रीतीला ‘हिमदाग’ म्हणतात. त्या शब्दातच ‘चालणं’ही आहे, आजींनी सांगितलं, म्हणून तब्येत आणि वागणूक त्यांना वेगवेगळी करता येत नाही. “तुमच्याकडे आहे का असा शब्द?” मी म्हटलं, “आहे की! चालरीत.” चाल म्हणजे पावलांची आणि चाल म्हणजे वहिवाटही, हे मी समजावलं तेव्हा आजी इतक्या खूश झाल्या की चुलतभावाला त्या दिवशी रागवायचंच विसरल्या.

शुगर उतरली. एका डोळ्याचं ऑपरेशन वेळेत झालं. पट्टी काढल्यावर मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या अंगणात खुर्ची टाकून समोरची टेकडी बघत होत्या. “तो बघ, डावीकडचा निवडुंग, वरची फळं पिकून फुटलीत. उद्या निघायचं,” त्यांनी लेकीला फर्मावलं. लेक डोळे पुसत काठ्या शोधायला गेली.

मग आजी माझ्याकडे वळल्या. इतक्या महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदाच नीट पाहिलं.

“एवढीशीच आहेस? ज्या सढळ हाताने वाढतेस, त्यावरून मला वाटलं चांगली जाडजूड असशील.” आम्ही दोघी हसलो. मग त्यांनी माझी हनुवटी धरली. “तुला कोण वाढतं?”

मी ‘नवरा’ म्हणणार होते. पण तो बिचारा आठ वाजता घरी यायचा, आणि माझा डबा मी पार्किंगमध्ये, गाडीत बसून संपवायची. या देशात मी ‘नको’ म्हटलं की लोक सभ्यपणे ते खरं मानायचे. दुसऱ्यांदा कुणी विचारलंच नव्हतं.

“कुणी नाही,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

आजींनी मला हाताला धरून आत नेलं, कडधान्याचं कालवण वाढलं. वाटी संपली तशी मी सवयीने म्हणाले, “नको, खरंच नको.” त्यांनी ते कानाआड केलं आणि पुन्हा वाटीभर वाढलं.