चार कणांचा पेपर

सांख्यिकीय भौतिकीच्या पेपरात मी एकदा नापास झाले होते आणि दुसऱ्यांदा नापास होणं परवडणारं नव्हतं. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून त्या जूनमध्ये निवृत्त होणार होते, क्वार्टर सोडावं लागणार होतं. मी एम.एस्सी. झाले तर एका कॉलेजात शिकवायची नोकरी ठरलेली होती. मग आम्ही पुण्यातच राहणार. नाहीतर सगळ्यांनी गावी जायचं. हे कोणी मला बोलून दाखवत नव्हतं, त्याचा मला जास्त राग यायचा.

फेरपरीक्षेसाठी मी महिनाभर एकच घोकलं: फॅक्टोरियल दिसलं की त्याच्या जागी अंदाजी सूत्र घालायचं. फॅक्टोरियल म्हणजे एकापासून त्या संख्येपर्यंत सगळ्यांचा गुणाकार. खोलीतल्या हवेच्या कणांसाठी तो करत बसलं तर जन्म जाईल, म्हणून हे सूत्र. हात इतका बसला होता की पेपरात चार कण, दोन पेट्या आणि दोन-दोन अशा वाटणीची शक्यता विचारली, तरी मी सूत्रच घातलं. चारचं फॅक्टोरियल चोवीस, हे शाळकरी मुलगीसुद्धा सांगेल. माझ्या सूत्राने दोन-दोनचे सोळा प्रकार आले. एकूण प्रकारही सोळाच. म्हणजे शक्यता एक, अगदी खात्रीच, असं लिहून मी खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई डबे भरत होती. चारच पोळ्या झाल्या होत्या. तिने तीन वडिलांच्या डब्यात घातल्या, एक माझ्या. मी ओट्यापाशी तशीच उभी राहिले. तीन-एक होऊ शकतं! चार-शून्यही होऊ शकतं! "एक पुरेल ना गं?" आई विचारत होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

आमच्या विभागात फेरपरीक्षेनंतर आठवड्याने तोंडी असायची आणि पेपर तपासलेले सर ज्याचा त्याचा पेपर पुढ्यात ठेवूनच बसायचे.

"आपले कण फार शिस्तीचे दिसतात," ते म्हणाले. "तीन-एक, चार-शून्य हे सगळे सुट्टीवर गेले काय?"

"चुकले, सर. दोन-दोनचे सहाच प्रकार. सोळांत सहा."

"मग पेपरात काय झालं होतं?"

"घोकलं होतं."

"निदान खरं बोललात. आता सांगा, हेच सूत्र या खोलीतल्या हवेला कसं चालतं?"

इथे मात्र मी अडखळले नाही. तो आठवडा मी दुसरं काही केलंच नव्हतं. कण वाढत गेले की निम्म्या-निम्म्याच्या आसपासचे प्रकार इतके होतात की बाकीच्यांना कोणी विचारत नाही. सूत्र जे थोडंसं सोडून देतं, ते एवढ्या गर्दीत जाणवत नाही. चार कणांत मात्र तेवढ्यानेच उत्तर बुडतं. मी फळ्यावर चार कणांचा पसरट आलेख काढला, शेजारी हजार कणांचा उभा, अरुंद. हवा सगळी एका कोपऱ्यात जाऊन आपण कधी गुदमरत नाही, ते याच जोरावर, असंही म्हणून टाकलं.

"हे पेपरात लिहिलं असतं तर माझा वेळ वाचला असता," सर म्हणाले. "पास आहात. जा आता, बाहेर तिघं थांबलेत."

मी इतकी सुटले होते की सायकल कुलपासकट ओढायला लागले. खडकीपर्यंत मोठ्याने हसत आले, लोक बघत होते, बघू देत.

वडील जेवायला बसले होते. पास झाल्याचं सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली आणि आईकडे ताक मागितलं.

"इथेच बोपोडीत दोन खोल्या भाड्याने ठरवल्यात," ते म्हणाले. "परवाच."

"परवा? अहो बाबा, निकालाच्या आधी? आणि मी नापास झाले असते तर?"

ते ताक पिता पिता थांबले.

"ते काही डोक्यात आलं नाही बुवा."