कपाटाच्या दारावरची यादी

मी निघाले त्या दिवशी बाबांनी ऑटोरिक्षा कोपऱ्यावर थांबवली आणि माझी मोठी बॅग भर रस्त्यात उघडली. सत्तावीस नंबरच्या वस्तूसमोर दोन खुणा हव्या होत्या, एकच होती. सत्तावीस नंबर म्हणजे कुकरची जादा रिंग. ती स्वेटरच्या घडीत सापडली. बाबांनी लाल पेन्सिलीनं दुसरी खूण केली, बॅग बंद केली आणि ऑटोवाल्याला म्हणाले, "चल गा आता." आई मागे माझा हात धरून बसली होती. ती म्हणाली, "अहो, पोरगी चालली, सामान नाई. तिच्याकडे पाहा तं जरा." बाबांनी पाहिलं नाही. यादीची घडी करून त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली.

बाबा कळमेश्वरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नोकरीची सगळी वर्षं नागपूरहून कंपनीच्या बसनं गेले आणि आले. गेटपासवर लिहिल्याशिवाय त्यांनी खिळासुद्धा बाहेर सोडला नाही. आम्ही दोन दिवस पारशिवनीला मामाकडे जायचो तेव्हाही यादी असायची, त्यात दोन रकाने: बांधले, तपासले. "लिहिलं नाई ते गेटच्या बाहेर जात नाई, आन् लिहिलं ते मागं राहत नाई," हे त्यांचं वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले. त्यांचा रंग आणि उंची भावाला मिळाली. मला याद्या मिळाल्या.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघाले त्यांना पुढचं सांगायला नको. इंग्लंडमध्ये लीड्सला आले. पहिल्या वर्षी भाड्याची खोली, हीटरची बटणं, चार वाजता पडणारा अंधार. हॉस्पिटलात माझ्या नावाचे तीन उच्चार व्हायचे, तिन्हींना मी ओ देऊ लागले. परीक्षा झाल्या, लग्न झालं, मुलगी झाली, गहाणखतावर घर झालं. फ्रीजवर माझी यादी असते, ऑफिसात दुसरी, फोनमध्ये तिसरी. सगळ्यांवर खुणा होत जातात आणि सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरू. या देशात मी दमले असं म्हणायला मला वेळ काढावा लागतो.

मी डॉक्टर आहे, माझं काम हृदयविकाराच्या झटक्याचं. हृदयाला रक्त पोचवणारी एखादी रक्तवाहिनी आधी वर्षानुवर्षं अरुंद होते. मग एक दिवस तिथे गुठळी अडकते आणि पुढचा स्नायू मरायला लागतो. नळी लवकर उघडली तर तो वाचतो, उशीर झाला तर गेलेला भाग परत येत नाही. आमच्या विभागानं पहिली काही वर्षं हॉस्पिटलच्या आतला वेळ कमी करण्यात घातली. कोणता दरवाजा, कोणती लिफ्ट, कोणी कोणाला फोन करायचा. तो वेळ कमी झालाही. मग लक्षात आलं की खरा वेळ घरातच जातो. म्हणून माझं संशोधन आता त्याच्यावर आहे: छातीत दुखायला लागल्यापासून माणूस घराबाहेर पडेपर्यंत काय करतो.

मी पेशंटच्या खाटेशेजारी बसून विचारते. कोणी मांजराला खायला घातलेलं असतं, कोणी दाढी केलेली असते. एका आजींनी शर्टाला इस्त्री केली होती, नवऱ्याच्या, झटका त्यालाच आलेला. फॉर्मवर एक रकाना आहे, 'विलंबाचे कारण'. त्याला आकडे दिले आहेत. एक म्हणजे अपचन वाटलं. दोन म्हणजे घरी कोणी नव्हतं. तीन म्हणजे दुसऱ्याला त्रास नको. असे बरेच आहेत. मीच ठरवलेले.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या रक्तवाहिन्यांमध्ये अडथळे निघाले. औषधं सुरू झाली. मी सुट्टी काढून गेले आणि मला जे जमतं ते केलं. 'दवाखान्यात जाताना न्यायच्या वस्तू' अशी यादी टाइप केली, नागपुरातल्या सदर भागातल्या दुकानातून लॅमिनेट करून आणली आणि लोखंडी कपाटाच्या दारावर आतून चिकटवली. चौदा वस्तू. आधार कार्ड, विम्याचं कार्ड, गोळ्यांचा डबा, चष्मा, कवळीची डबी, चार्जर, टॉवेल, जुना ईसीजी आणि बाकीचं. अगदी खाली एक ओळ: छातीत दुखल्यास वेळ घालवू नये.

बाबांनी यादी वाचली. "रकाने कुठं हाय?" एवढंच म्हणाले आणि पट्टीनं दोन रेघा मारल्या.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी आईचा फोन आला. मी मुलीचा डबा भरत होते, तिकडे दुपार झाली होती. आई रडत नव्हती. ती मला धीर देत होती. "घाबरू नको माय, फुगा टाकून नळी उघडली म्हणे, आता बोलून राहिले ते. आन् सगळं घेऊन गेलो बरं, तुह्या यादीपरमानं. एक कागद तेवढा नाई सापडला."

मी विचारलं, कधी दुखायला लागलं होतं?

मग तिनं सांगितलं, मी विचारत गेले तसतसं. खाटेशेजारी बसून विचारते तसंच विचारलं मी. साडेनऊला आंघोळ झाली आणि जबडा, डावा हात, छाती, सगळं एकदम धरलं. बाबा घामानं भिजले. त्यांना कळलं होतं, अपचन वगैरे काही त्यांना वाटलं नाही. ते उठले आणि कपाट उघडलं. खाली बसून एकेक वस्तू पिशवीत घातली, लाल पेन्सिलीनं खूण केली. शेजारचे देवराव काका गाडी काढून फाटकाशी हॉर्न वाजवत होते. आई म्हणत होती, "अहो, चला ना. कागद मागून आणू." बाबा म्हणाले, "एक आयटम बाकी हाय." जुना ईसीजी. ट्रंका झाल्या, गादीखाली झालं, फाइल दोनदा झाली. शेवटी देवराव काका आत आले, "कागद गेला खड्ड्यात, भाऊ," म्हणाले आणि बाबांना दोन्ही हातांनी उचलून गाडीत घातलं. तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

तो ईसीजी लीड्समध्ये होता. माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात. आधीच्या खेपेला मीच एका सहकाऱ्याला दाखवायला आणला होता आणि सांगायचं राहिलं होतं.

मी नागपूरला पोचले तेव्हा बाबा घरी आले होते. रिपोर्ट वाचायला मला अर्धं मिनिट लागलं. हृदयाचा पुढचा भाग बराचसा गेला होता. खाटेवरून मोरीपर्यंत जाताना ते भिंतीला धरून एकदा थांबत. मी त्यांना कागदाचं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. ते म्हणाले, "माल गेला आन् गेटपास नाई. मी घर उलटं केलं, बिनकामाचं." मग हसले, आणि हसल्यामुळे त्यांना धाप लागली.

मी कपाट उघडलं. चौदा ओळींपैकी तेरांपुढे दोन-दोन खुणा होत्या, सरळ, एका मापाच्या. नखानं कडा सोडवली आणि यादी ओढून काढली. बाबा खाटेवरून म्हणाले, "काहून काढतं वं? चांगली यादी हाय." मी म्हटलं, चुकीची आहे, शेवटची ओळ पहिली हवी होती, आणि बाकीच्या नकोच होत्या. "मंग तिले यादी कोण म्हणन?" बाबा म्हणाले.

परत आल्यावर मी फॉर्मवर एक आकडा वाढवला. डॉक्टरांनी किंवा नातेवाइकांनी दिलेल्या सूचना पाळत बसणे. मीटिंगमध्ये एकानं विचारलं, असा पेशंट मिळालाय का? मी म्हटलं, एक.

परत या म्हणणारे तुमच्यात आहेत, आणि आता कशाला म्हणणारेही. येऊन मी रोज त्यांच्या उशाशी बसले तरी मेलेला स्नायू हलणार नाही, आणि इथं बसून राहिले तर मला झोप लागत नाही, एवढं मला ठाऊक आहे. नागपूरहून निघायच्या आदल्या दिवशी जमलं ते केलं. देवराव काकांना बोलावून बाबांची खुर्ची पडवीत हलवली, दाराच्या बाहेर. त्यांच्या गाडीची एक किल्ली आमच्याकडच्या खिळ्यावर आली. मग मी खुर्चीपासून फाटकापर्यंत चालून पाहिलं. बावीस पावलं. आई पाहत होती. म्हणाली, "तुह्या बापाची हायेस."

आता दर रविवारी फोन करते आणि तेच विचारते.

"बाबा, दुखलं तर काय करायचं?"

"निघायचं."

"हातात काय?"

"काई नाई."

"चष्मा?"

इथे ते दरवेळी थांबतात. "डोळ्यावर असला तं."

मागून आई ओरडते, "चप्पल तं घालू देशीन का नाई?"

घर म्हटलं की पूर्वी मला एकेक वस्तू आठवायची, कुकरच्या रिंगेपर्यंत. आता एवढंच दिसतं: खुर्ची, बावीस पावलं, फाटक. मधे कपाट येत नाही. गेल्या रविवारी बाबा म्हणाले, आज फाटकापर्यंत गेलो, मधे एकदाच थांबलो. मी विचारलं, किती वेळ लागला?

"लिहून नाई ठेवला," ते म्हणाले.