बोलिव्हिया गैरहजर

पोह्यांवर शेव भुरभुरत होते आणि फोन वाजला. पाहिलं तर जपान. म्हणजे श्रीकांत, पण माझ्या मोबाइलमध्ये त्याचं नाव आजही जपानच आहे. सकाळी साडेसातला जपान कधी फोन करत नाही. "बोलिव्हिया, बुरी खबर आहे गं," तो म्हणाला, "मुळ्ये सर गेले. काल झोपले ते उठलेच नाहीत." मी "बरं" एवढंच म्हणाले आणि खाली बसले. ब्याण्णव वर्षांचा माणूस झोपेत गेला की लोक म्हणतात, सोनं झालं. दिवसभर येणाऱ्या प्रत्येक फोनवर मीही तेच म्हणत होते, आणि फोन ठेवला की पदर डोळ्यांना. सत्त्याहत्तराव्या वर्षी सासूबाई शाळेतल्या मास्तरांसाठी रडताहेत हे बघून माझी सून चक्रावलीच. त्याला आता दीड महिना होईल. तिला जे धड सांगता आलं नाही, ते लिहून काढते.

मध्य भारत नावाचं राज्य होतं, तेव्हाची गोष्ट. होळकरांचं गेलं, शिंद्यांचं गेलं, आणि दोघांचं मिळून हे नवं झालं. इंदूरला राजवाड्यामागे आमची मराठी शाळा होती. सातवीत आम्ही चाळीस जण, त्यात मुली सात. मुळ्ये सर आमचे वर्गशिक्षक आणि भूगोलाचे मास्तर. वय असेल अठ्ठावीस, अंगानं काडी, आवाज मात्र असा की खजुरी बाजारापर्यंत जावा. पहिल्याच दिवशी त्यांनी डब्यातून चिठ्ठ्या वाटल्या आणि प्रत्येकाला एकेक देश दिला. वर्षभर हजेरी त्या नावानं. "ब्राझील?" म्हटलं की बंडूनं उठायचं आणि म्हणायचं, "हजर! कॉफी, रबर, अ‍ॅमेझॉन." "इजिप्त?" "हजर! नाईल, लांब धाग्याचा कापूस." रोज नवी एक गोष्ट सांगायची, कालचीच सांगितली तर उभं राहायचं. सरकारी हजेरीपटात अर्थात आमची खरी नावंच असायची. देश फक्त तोंडी.

मला आला बोलिव्हिया. मी चिठ्ठी उघडली आणि रडायच्या बेतात. मैत्रिणीला फ्रान्स, आणि मला हे काय! त्यात त्या देशात टिटिकाका नावाचं सरोवर. झालं, मुलं मला टिटिकाकू म्हणायला लागली. मी सरांकडे तक्रार घेऊन गेले. ते म्हणाले, "अगं वेडे, सगळ्यांत घरचा देश तुला मिळालाय. त्याला समुद्र नाही, आपल्या मध्य भारतालाही नाही. त्याच्या राजधान्या दोन, आपल्याही दोन. आणि तुझ्या आईची पातेली कल्हईवाला ज्या कथलानं उजळतो ना, ते तिथल्या डोंगरातून निघतं." त्या दिवशी घरी जाऊन मी सगळी पातेली खाली काढली आणि त्यात बोलिव्हिया शोधत बसले. आईच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या.

सर पुस्तकातून फारसं शिकवत नसत. एकदा त्यांनी शेवेची मोठी पुडी आणली. म्हणाले, "हा वर्ग म्हणजे सगळं जग. चाळीस माणसं. आता चीनची किती?" नऊ जण एका भिंतीला उभे केले. हिंदुस्थानचे सहा दुसऱ्या भिंतीला. अमेरिकेच्या वाट्याला अडीचच माणसं येत होती, तेव्हा दोन मुलं उभी केली आणि उरलेलं अर्धं माणूस म्हणून सर स्वतः एका पायावर उभे राहिले. मग त्यांनी प्रत्येक देशाच्या कमाईप्रमाणे शेव वाटली. अमेरिकेसमोर ढीग. आम्हा सहा जणांना मिळून एक चिमूट. इजिप्त ओरडला, "सर, ये तो बेईमानी है!" सर एका पायावरूनच अस्सल इंदुरी थाटात म्हणाले, "भिया, मी फक्त वाटून दाखवलं. का असं झालं ते तुम्ही मोठे होऊन शोधा." लोकसंख्या आणि संपत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पुढे पस्तीस वर्षं मुलींना शिकवलं. पण त्या चिमटीएवढं नीट मला कधी समजावता आलं नाही.

दोन राजधान्यांचं जे सर म्हणाले, ते थट्टेचं नव्हतं. दिवाळी झाली की सरकारी दफ्तर ग्वाल्हेरला जायचं, उन्हाळा लागताना परत इंदूरला यायचं. कागदांचे बस्ते, बाबू, बायका, मुलं, लोणच्याच्या बरण्या, सगळं आगगाडीत. आमच्या वर्गातली दहा-बारा मुलं अशी सहा महिने ग्वाल्हेरच्या शाळेत जायची. तिथल्या शाळेचं पत्र आलं की इकडे नाव कायम राहायचं. सर त्यांचा देश कुणाला देत नसत, शेजारच्या देशानं सांभाळायचा. "ब्राझील?" "ग्वाल्हेरला आहे, सर!" असं अर्जेंटिना उत्तर द्यायचा.

माझे वडील, अण्णा, त्याच दफ्तरात होते. आधी होळकरांकडे, मग नव्या सरकारात, पण काम तेच. कागद लावणं, कागद शोधणं. माणूस भला, पण हट्टी. त्या वर्षी आईचा दमा वाढला होता, धाकटे भाऊ दोन, आणि ग्वाल्हेरला राहायला एकच खोली. अण्णांनी ठरवून टाकलं की मी आता घर सांभाळायचं. तेराव्या वर्षी माझं शिक्षण पुरे झालं. निघायच्या आदल्या आठवड्यात ते मला घेऊन सरांच्या घरी गेले आणि म्हणाले, "मास्तर, पोरीचं नाव कापून टाका. तिला तिकडे शाळेत घालणार नाही."

सर म्हणाले, "अण्णासाहेब, मुलगी हुशार आहे हो."

"हुशार आहे म्हणूनच घर नीट सांभाळेल."

सरांनी पुष्कळ सांगून पाहिलं. अण्णा पालथ्या घड्यासारखे बसून राहिले. शेवटी सर "बरं" म्हणाले. मला इतका राग आला! वाटलं, हा माणूस वर्गात आभाळाएवढा आवाज काढतो, आणि इथे नुसतं "बरं"? मी त्यांना नमस्कारसुद्धा न करता बाहेर पडले.

ग्वाल्हेरची ती थंडी मला आजही आठवते. पहाटे शेगडी, मग दूध, मग भावांचे कपडे, मग आईचा काढा. दुपारी सगळे झोपले की मी बरोबर नेलेली सातवीची पुस्तकं काढायची. कशासाठी वाचत होते देव जाणे. गणित तर डोक्यावरून जायचं. पण दर सकाळी साडेदहाला मनात म्हणायची, हजर, कथील, टिटिकाका. आणि मग मला रडू यायचं, ते धुराच्या नावावर खपायचं.

रंगपंचमी झाली आणि दफ्तर परत इंदूरला आलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते, तर दारात सायकल. मुळ्ये सर! चेहरा असा पडलेला की मला वाटलं, कुणी गेलं की काय. अण्णांसमोर बसून म्हणाले, "अण्णासाहेब, घोळ झालाय. सुमनचं नाव कापायचं राहिलं."

"राहिलं म्हणजे?"

"दिवाळीनंतर नवा हजेरीपट सुरू केला. रोज तोंडात देशांची नावं... सवयीनं मुलांच्या जागी देशच लिहून बसलो. अख्खा वर्ग. महिनाअखेर बडे बाबू नावं कापायला आले, त्यांना सुमन सापडेचना. म्हणाले, मास्साब, ये दुनियाभर का क्या लिख रखा है? मी म्हटलं, गलती हो गई, पुढच्या पटात सुधारतो. ते कंटाळून निघून गेले. आता देशांची परत नावं करून परीक्षेची यादी त्या पटावरून झाली, त्यात पोरीचंही नाव आलंय."

अण्णांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. "सरकारी पटात देश?"

"हो ना..."

"यादीवर हेडमास्तरांची सही झाली?"

"झाली. वर गेली."

अण्णा उठले आणि येरझारा घालू लागले. मुलीचं शिक्षण थांबलं तेव्हा हा माणूस इतका बेचैन झाला नव्हता. "म्हणजे आता नाव काढायचं तर लेखी खुलासा. तुम्ही नोकरीत पक्के झालात?"

"अजून नाही."

माझी तव्यावरची पोळी जळली, पण कुणाचं लक्ष नव्हतं. अण्णा शेवटी म्हणाले, "कमाल करते हो, मास्तर! इतका वेंधळा माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. बसू दे तिला परीक्षेला. कागदावर आहे ते प्रत्यक्षात असलं पाहिजे. पण एवढ्यापुरतंच, सांगून ठेवतो!"

मी परीक्षेला बसले. गणितात अगदी काठावर पास, भूगोलात दुसरी. पास झालं की नाव आपोआप आठवीत चढतं, आणि एकदा चढलेलं नाव विनाकारण कापायचं अण्णांच्या हाताला जमेना. पुढच्या हिवाळ्यात त्यांनीच मला ग्वाल्हेरच्या शाळेत नेऊन घातलं आणि आईच्या मदतीला आत्याला बोलावलं. "नाव आहे ना, मग जा," एवढंच बोलले. त्या एका घोळावर मी मॅट्रिक झाले, बीए झाले, देपालपूरच्या शाळेत भूगोलाची बाई म्हणून लागले. असं नशीब कुणाचं असतं!

सरांचं मात्र निभावलं नाही. परीक्षेनंतर तपासनीस आले, त्यांनी पट उघडला. पहिला अफगाणिस्तान, दुसरा अर्जेंटिना. "ये बोलिव्हिया पाँच महीने गैरहाजिर क्यों है? वहाँ क्रांति हो गई क्या?" असं त्यांनी भर वर्गात विचारलं म्हणतात. सरांना लेखी ताकीद मिळाली, वर्गशिक्षकाचं काम काढून घेतलं. पक्के व्हायला आणखी तीन वर्षं लागली. त्या शाळेत पुन्हा देशांची हजेरी झाली नाही. आणि गावभर नाव पडलं, दुनिया मास्साब. भाजीवालासुद्धा विचारायचा, "मास्साब, थैले में आज कौन सा देश है?" सर हसून पिशवी पुढे करायचे.

मीही त्यांना कमी चिडवलं नाही. लग्नानंतर, मुलांनंतर, अण्णा गेल्यानंतर, दर दिवाळीला मी फराळ घेऊन त्यांच्याकडे जायची आणि जी कोणी नवी माणसं बसलेली असतील त्यांना हा किस्सा सांगायची. सरांचा आवाज काढून, अण्णांच्या येरझारा घालून. माझ्या निरोपसमारंभात तर सभागृह हसून लोळलं होतं. वेंधळेपणाचे उपकार मानणारी मी जगात एकटीच, असं मी म्हणायची, आणि लोक टाळ्या वाजवायचे.

तेरावं झाल्यावर मी काकूंना भेटायला गेले. मुळ्येकाकू सत्त्याऐंशी वर्षांच्या, कान जरा कमी, बाकी खणखणीत. सरांच्या खोलीत त्यांच्याच खाटेवर बसल्या होत्या. काय बोलावं कळेना, म्हणून मी आपली नेहमीची गोष्ट काढली. म्हटलं, "काकू, सरांची ती एक चूक झाली नसती तर मी आज कुठे असते..."

"चूक?" त्या म्हणाल्या. "अगं, चूक कसली? नवा पट त्यांनी नावांनीच लिहिला होता. सगळा लिहून झाला होता. तुझे वडील सांगून गेले, आणि दुसऱ्या दिवशी हे कोरा पट घेऊन आले. रविवारभर बसून पहिल्यापासून लिहिला, चाळीसच्या चाळीस. मी म्हटलं, अहो, एका पोरीसाठी सगळ्या जगाचा खटाटोप कशाला? तिचं एकटीचं नाव बदला की! तर म्हणाले, एकच देश दिसला तर बाबू विचारेल. सगळं जग दिसलं की मला वेड्यात काढेल आणि निघून जाईल."

मी विचारलं, "आणि अण्णांकडे आले होते, तो पडलेला चेहरा?"

"आरशासमोर उभं राहून बसवला होता. मी हसत होते तर मला रागावले. म्हणाले, तिचे वडील मुलीचं ऐकणार नाहीत, माझं ऐकणार नाहीत, कागदाचं मात्र ऐकतील."

"काकू, मला का नाही सांगितलं कुणी?"

"आधी तुझे वडील होते. त्यांना कळलं असतं तर फसवल्यासारखं वाटलं असतं, म्हणून गप्प. ते गेल्यावर मी म्हटलं, आता तरी सांगा तिला. तर म्हणाले, राहू दे, ती इतकी छान सांगते."

गेल्या दिवाळीलाही मी त्याच खोलीत, त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या नातसुनेला हा किस्सा रंगवून सांगितला होता. शेवटी "असा वेंधळा माणूस!" म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवलं होतं. सगळ्यांत जास्त तेच हसले होते.