मशीन खिशात होतं

नाटक दुपारी चारचं, आणि मी अकरापासून चपला घालून बसलो होतो. लेक म्हणाली, "आबा, काढा त्या. नाट्यगृह काय पळून जात नाही." काढल्या. परत घातल्या. बायको गेली त्याला आठ महिने झाले, तेव्हापासून असंच चाललंय. बसलो की उठावंसं वाटतं आणि उठलो की कुठं जायचं ते कळत नाही. एक गोष्ट लेकीला सांगायची राहिली होती, ती आत सारखी टोचायची. सांगितली तर लेक तुटेल, नाही सांगितली तर मी असाच चपला घालत काढत मरेन.

नाटक नातीचं. कॉलेजातल्या पोरापोरींनी बसवलेलं, सगळं गाण्यात. ग्रीकांच्या देशातली फार जुनी गोष्ट म्हणे, ती ह्यांनी उचलून आपल्याकडं आणलेली. एक गाणारा गडी असतो. त्याची नवी नवरी मरते. मूळ गोष्टीत साप चावतो, ह्यांनी तिला कंटेनरखाली घातली. चाकणकडच्या माणसाला ते जास्त पटतं. मग हा तिला परत आणायला पाताळात जातो, आणि पाताळ म्हणजे कारखाना. म्हणून नातीनं मला आधी विचारलं होतं, "आजोबा, कंपनीत माणसं चालतात कशी?"

"पायानं," मी म्हणालो. "आन नाचत न्हाईत."

तरी नाचलीच. मेलेली माणसं पिवळी हेल्मेटं घालून रांगेत नाचत होती. मी फोर्जिंगच्या कंपनीत एकतीस वर्षं काढली. तापलेल्या लोखंडावर हॅमर पडायचा तेव्हा फरशी दातापर्यंत हलायची. माझे कान तिथंच गेले. पण त्या पोरांनी ढोलावर हॅमरचा ठोका बरोबर धरला होता, ते मानलं मी.

नात नवरी झाली होती. चिंचवडच्या त्या थंडगार नाट्यगृहात मी खुर्चीवर सारखा बूड हलवत होतो. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूचा माणूस दोनदा बघून झाला. पुढं पाताळाचा मालक गाणं ऐकून खूश होतो, म्हणतो घेऊन जा बायकोला, पण एक अट. तू पुढं चालायचं, ती मागं. ती एक शब्द बोलणार नाही, आणि दाराबाहेर पडेपर्यंत तू वळून बघायचं नाहीस.

मला हसू आलं. ह्यात कसली अट? मी जन्मभर तेच केलं.

आमच्या गावाकडं नवरा पुढं आणि बायको चार पावलं मागं. मी पुढं बोलत चालायचो, मागून तिचं "हूं" यायचं. "हूं" आलं की बाई आहे. वळायची गरजच नाही. कान गेले तसं "हूं" ऐकू येईना, मग मी दर दहा पावलांना वळायला लागलो. ती भर रस्त्यात म्हणायची, "सारकं मागं काय बघताय? ह्या वयात मला कोण पळवून न्हेतंय?" स्टँडवरचे रिक्षावाले हसायचे. मला लाज वाटली आणि मी वळणं सोडलं. लेकीनं कानाचं मशीन आणून दिलं, ते शर्टाच्या खिशात ठेवायचो. घातलं की जगातले सगळे हॉर्न डोक्यात शिरायचे. शिवाय म्हातारा दिसायचो.

स्टेजवर गाणारा पुढं चालला होता. मागं माझी नात, हिरवी साडी, अनवाणी. तो गाण्यातून विचारतोय, आहेस का, आहेस का. ती गप्प. ढोल बंद झाला. मी खुर्चीच्या कडेवर सरकलो.

"आरं बघ की मागं, येड्या!" मी म्हणालो.

मनात म्हणालो असं वाटलं, पण बहिरेपणात लागलेली मोठ्यानं बोलायची सवय सुटत नाही. अख्खी रांग वळली. आणि तिकडं स्टेजवर तोही वळला. नात मागं मागं सरकत अंधारात गेली. पुढची बाई रुमाल काढून म्हणाली, "दोन पावलं थांबला असता तर!"

माझं डोकं फिरलं. वळला म्हणून गेली म्हणे! त्याला निदान तोंड दिसलं तिचं. मी लोकांचे पाय तुडवत बाहेर आलो. लेक मागून धावत आली. "काय झालं आबा? बाथरूमला जायचंय?"

"न्हाई. तुझी आई माझ्या हातावर गेली न्हाई."

दहाव्याला मीच सगळ्यांना सांगितलं होतं की ती माझ्या हातावर गेली. लेकीनं तेवढंच धरून ठेवलं होतं. आई एकटी नव्हती, असं ती येईल त्याला सांगायची.

"बाजारातून निघालो," मी म्हणालो. "मी पिशवी घिऊन पुढं. शिळी मेथी घेतली म्हणून बोलत होतो तिला. रिक्षा स्टँडपतूर बोलत गेलो. तितं वळलो तर मागं कुणी न्हाई. लांब, वडापावच्या गाडीपाशी माणसं गोळा झालेली. मी पोचलो तवर गेली होती. गाडीवाला म्हणाला, बाबा, छाती धरून खाली बसली, किती हाका मारल्या तिनं. अहो, अहो करत होती."

"आणि मशीन?"

"खिशात."

"खिशात ठेवायला आणलं होतं मी ते?"

आत टाळ्या सुरू झाल्या. नाटक संपलं होतं. ती वळली आणि नातीला आणायला नाट्यगृहाच्या मागच्या दाराकडं निघाली, फार भरभर. मी तिच्या मागं. बाईमाणसाच्या मागं चालायची सवय नाही मला, पाय अडखळत होते. मशीन आता कानात असतं, झोपतानासुद्धा काढत नाही. तिच्या सँडलचा आवाज टकटक येत होता. हाक मारावी असं फार वाटलं, पण ती मारायचा हक्क मला राहिलाय का ते कळेना. तिनं एकदाही वळून बघितलं नाही. एका बाजूला स्कूटरी लावलेल्या, दुसऱ्या बाजूला भिंत, मधून आम्ही दोघं.

मागच्या दाराच्या अलीकडं ती थांबली. पाठ माझ्याकडंच.

"आबा?"

"हूं," मी म्हणालो.

ती परत चालायला लागली, जरा सावकाश.