पिठाच्या डब्यामागचा पंप

आमच्या नवागामच्या घरात मुलीचा दम्याचा पंप पिठाच्या डब्यामागे असायचा. दवाखान्यातल्या बाईंनी दोन पंप दिले होते. एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, बरं वाटत असलं तरी. दुसरा धाप लागली की. पण मी मोठी शहाणी! पोरगी जरा खेळायला लागली की रोजचा बंद करायची. सासूबाईंचंही एकच पालुपद, “पोरले सवय लागी जाई.” त्यात घरात साड्यांचे धागे कापायचं काम, आणि तंतू उडणाऱ्या त्या साड्यांची थप्पी नेमकी तिच्या खाटेशेजारी.

ती नऊ वर्षांची असताना धुळ्याहून नणंदेला पाहायला पाहुणे आले. घरात दमा आहे हे कळलं तर जमत आलेलं फिसकटेल, ही धास्ती सासूबाईंइतकीच मलाही होती. मी मुलीला मागच्या खोलीत बसवलं आणि बजावलं, “खोकला उना तर तोंड दाबी लेजो. आवाज बाहेर येवाले नको.”

पाहुणे चांगले दीड तास बसले. पोहे झाले, चहा झाला. मी हसून हसून वाढत होते, आत एकदाही डोकावले नाही. ते रिक्षात बसल्यावर मागे गेले, तर पोरगी साड्यांच्या थप्पीवर हात टेकून उभी होती. ओठ निळे पडलेले, गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. मी डबा खाली पाडून पंप काढला. ती कशीबशी म्हणाली, “मी आवाज बाहेर जाऊ दिधा नही, माय.”

तीन दिवस दवाखान्यात काढले. ती वाचली. नणंदेचंही जमलं, पण त्या लग्नात मी मनापासून हसले नाही.

आता दोन्ही पंप कॅलेंडरशेजारी खिळ्याला पिशवीत असतात. साड्यांचं काम मी ओट्यावर बसून करते. गल्लीत कुणाच्या पोराला दमा निघाला की त्याची आई माझ्याकडे येते. रोजचा पंप चुकवू नका, तो घेतल्यावर चूळ भरायला लावा, आणि शाळेत, शेजारी सगळ्यांना सांगून ठेवा, असं मी घसा ताणून सांगते. बाया ऐकतातही.

मुलगी कॉलेजात आहे. पंप एकदाही चुकवत नाही. फक्त पिशवी घेऊन न्हाणीत जाते, कडी लावते आणि नळ सोडते. मी बाहेर उभी राहते. पाण्याच्या आवाजात तिचा श्वास मला ऐकू येत नाही.