आईचा अंगठा लागला नाही

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय. आज आईला घेऊन रेशन दुकानात केवायसीला गेले होते.

आम्ही अंधेरीच्या कोळीवाड्यातले. आई जन्मभर कोलंबी सोलतेय. अंगठ्यावर रेषाच उरल्या नाहीत. पुसून बघितला, तेल लावलं, तरी मशीन घेईना.

दुकानदार म्हणाला, "मावशी, अंगठा लागला नाही तर नाव कटणार. माझ्या हातात काही नाही."

माझा मात्र पहिल्या फटक्यात लागला. आई हसली, "तुला कधी सोलायला बसवली नाय ना, म्हणून."

घरी आल्या आल्या ती परत सोलायला बसली. धान्य बंद झालं तर विकत घ्यावं लागेल, म्हणून आज एक टोपली जास्त घेतली.

रेशन गरिबांसाठीच आहे ना यार? मग न झिजलेला अंगठा त्यांनी आणायचा कुठून?