रकमनचा गुडघा आणि काकींची इर्जिक

उत्रोलीच्या ज्या काकींच्या पडवीतल्या खोलीत मी राहतो, त्यांच्यामुळे मी अजून भोरकडे आहे. नाहीतर कधीच गावी परत जायला किनवटच्या गाडीत बसलो असतो. हे आधीच सांगतो, कारण खेळाचं बोलायला लागलो की मलाच थकल्यासारखं होतं आणि महत्त्वाचं राहून जातं.

आठवीनंतर माझी शाळा सुटली. काम शोधत इकडे आलो तेव्हा भोर रस्त्यावरच्या एका खानावळीच्या मालकाने काय काय येतं ते विचारलंच नाही, नुसती उंची बघितली आणि कामावर ठेवलं. त्याला ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड. मोबाईलवर सामने बघून त्याने आसपासच्या पोरांची टीम जमवली होती आणि त्याला रकमन पाहिजे होता. पंच लांबट चेंडू वर फेकतो, दोन्ही बाजूंचा एकेक उंच माणूस उडी मारतो आणि चेंडू आपल्या पोरांकडे टोलवतो, तो रकमन. पुढे पळणारा वेगळा, गोल करणारा वेगळा, टाळ्या त्यांना. आपल्याला समोरच्याचा गुडघा, तोही बरगडीत. या भागात हे काम करणारा मी पहिलाच, त्यामुळे कुठं चुकतंय हे सांगायलाही कुणी नव्हतं. वेल्ह्याला खेळायला गेलो की बांधावर बसलेले विचारायचे, काय टावर, हितं तरी रेंज येती का?

मैदान नव्हतंच. भात कापलं की खाचरातच खेळायचं. वाळलेलं खाचर दगडासारखं, त्यात भेगा, वर भाताची खुंटं. सकाळी भाजी चिरायची, दुपारी ताटं उचलायची, संध्याकाळी उड्या. अशी काही वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात पानशेतच्या बाजूला खेळताना खाली उतरलो तो पाय भेगेत गेला आणि गुडघा फिरला.

मी कुणाला सांगितलं नाही. नोकरी उडीवर होती, उडी गेली तर नोकरी गेली, असं डोक्यात बसलेलं. घरी भाऊ-वहिनींच्या संसारात परत जाऊन बसायचं, या विचाराने झोप यायची नाही. पायरी उतरताना मी अंग आडवं करून एकेक पाय टाकतो हे काकींनी पाहिलं आणि मला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उड्या बंद. मालक म्हणाला, लावणी होईपर्यंत राहा, मग बघू. भोंगवलीचा एक उंच पोरगा त्याने आधीच बघून ठेवला होता.

लावणी इकडे इर्जिकीने होते. आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. खानावळीमागच्या मालकाच्या खाचरात काकी दिवसभर वाकून होत्या. मी चहा घेऊन बांधावर गेलो तेव्हा मालक त्यांना विचारत होता, तुमच्याकडं कधी येऊ?

काकींनी हात चिखलातच ठेवून उत्तर दिलं. "तू येऊ नको. माझा दिवस मला परत नको. त्या बदल्यात ह्याला कामावर ठेव."

"काकी, टीमला उंच माणूस लागतो."

"मग शोध की उंच. ह्याला कशापायी हाकलतो? भांडी काय उड्या मारून घासत्यात व्हय?"

बाया हसल्या. मालकही हसला, पण नाही म्हणाला नाही. सगळ्यांदेखत इर्जिकीचा दिवस सोडलेल्या बाईला नाही म्हणणं इथं कुणाला जमत नाही.

मी अजून तिथंच आहे, आता चुलीपाशी. टीममध्ये भोंगवलीचा पोरगा उडतो. बघायला मला बोलावतात, पण फारसं जाववत नाही.

मालकाची माणसं न आल्यामुळे काकींचं शेवटचं खाचर त्यांनी आणि त्यांच्या जावेने दोघींनीच लावलं. मी खिडकीतून बघत होतो. चिखलात माझा गुडघा टिकणार नाही, पण रोपं उपटून मुठी बांधायचं काम बसून होतं, ते मी शिकून घेईन. काकी, तुमचा तो दिवस मी परत करणार आहे. पुढच्या लावणीला नाही जमलं तर त्याच्या पुढच्या, पण करणार.